मनुबाईच्या कहाणीचा शेवट

तांब्याचा कलश चिंचेनं घासायला घेतला होता. निम्मा उजळला, निम्मा अजून काळपटच होता, आणि माझे दोन्ही हात कोळानं बरबटलेले. उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पाच झाडांची पानं आणायची, चौरंग धुवायचा, सगळंच मागं राहिलेलं. तेवढ्यात फोन वाजला. सून श्रिया बँकेत जायला निघाली होती. तिनं चप्पल घालता घालता बघितलं आणि म्हणाली, तुमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर गुरुवारची कहाणी आलीय. माझे हात बघून तिनंच ती लावली, फोन पाटावर ठेवला आणि गेली.

"ऐका बायांनो, एका मळ्याची गोष्ट. मळा बेळगुंदीच्या वाटंला, रताळ्याचा..."

एवढ्यावरच मी ओळखलं. आवाज मनुबाईचा. मधेच लांब कुठंतरी कोंबडा आरवतो, तोसुद्धा आमच्याच गल्लीतला. मी कलश मांडीवर तसाच धरून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणजे जिथं शेवट असायला हवा होता तिथपर्यंत. त्या जागी आवाज एकदम तुटला, आणि तो तुटणार हे मला ठाऊक होतं. मग हात धुऊन चष्मा लावला. खाली लिहिलं होतं, अतिशय सुंदर कहाणी, लेखक अज्ञात, अकरा जणींना पाठवा, देवी प्रसन्न होईल.

लेखक अज्ञात. मनुबाई आमच्यापासून तिसऱ्या दारात राहते. पहाटे तिच्या अंगणातला खराटा मला अंथरुणात ऐकू येतो.

कलश बाजूला ठेवला. तिच्याविषयी लिहावं असं पुष्कळ दिवस मनात होतं. आज ते लिहिल्याशिवाय देवीची तयारी हातून व्हायची नाही असं वाटलं.

मनुबाई मूळची बेळगुंदीची. तिच्या माहेरी रताळी. काढणीच्या दिवसांत तिकडं बायका ओळीनं बसून रताळी निवडतात, माती झाडतात, पोती भरतात. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. लहानपणापासून मनुबाई त्या ओळीत बसून गोष्टी सांगायची. कुणाच्या म्हशीची, कुणाच्या सासूची, देवाची, भुताची. ऐकण्याच्या नादात बायका जास्त पोती भरतात हे मळ्याच्या मालकाच्या ध्यानात आलं, म्हणून तो तिला मुद्दाम ओळीच्या मधोमध बसवायचा, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू जाईल. मजुरी मात्र सगळ्यांएवढीच. हे ती हसून सांगते.

सातवीपर्यंत शाळा झाली आणि तिला आमच्या कंग्राळीत परशरामला दिली. परशराम टेम्पो चालवायचा. संकेश्वर, निपाणी, इकडं खानापूर, मिळेल ते भाडं. माझं माहेर निपाणीचं, त्यामुळं आईनं माझ्यासाठी काही पाठवलं तर ते परशरामच्याच टेम्पोतून यायचं. एका हिवाळ्यात भाडं सोडून परत येताना लकव्यानं त्याचं एक अंग गेलं. टेम्पो रस्त्याकडेला लागला म्हणून जीव तरी वाचला. तेव्हापासून तो दारात खुर्ची टाकून बसतो. लेक सौम्या तेव्हा शाळेत होती. मनुबाई काजूच्या कारखान्यात जाऊ लागली.

काजूची बी फोडायचं काम कसलं असतं ते बाहेरच्यांना कळत नाही. टरफलात तेल असतं, काळं आणि जळजळीत. हाताला लागलं की कातडी भाजते, काळी पडते, मग सालटं निघतात. कामाला बसण्याआधी बायका हाताला खोबरेल चोळतात, वर राख लावतात, तरी ते तेल आत शिरतंच. मजुरी वजनावर, जेवढा गर निघेल तेवढी. मनुबाईच्या बोटांच्या रेषा त्यात झिजून गेल्या. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवायची तर मशीन तो घ्यायचं नाही. दुकानदार म्हणायचा, पुसून ठेवा बाई. ती पुसायची, पुन्हा ठेवायची. मागच्या बायका कुजबुजायच्या. घरी येऊन मला म्हणाली होती, "आक्का, माझाच अंगठा आन् मीच न्हाय म्हणतंय ते यंत्र."

त्या कारखान्यातून सुटावं, एवढंच तिचं मागणं होतं. देवीपुढं हात जोडून ती तेवढंच मागायची.

आमच्या गल्लीत गुरुवारची कहाणी वाचायला मनुबाईलाच बोलवायची पद्धत होती. कारखान्यातून आली की हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन बसायची आणि पुस्तिका वाचायची. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गुरुवारी आमच्याकडं सगळ्या जमल्या, समई लावली, आणि पुस्तिका सापडेना. आदल्या आठवड्यात कुणीतरी नेली होती. मी ओशाळून गेले. मनुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आक्का. मी सांगतो एक."

ती सांगू लागली. बेळगुंदीच्या वाटेवरच्या मळ्यात लक्ष्मी येते, मजूर बाईच्या रूपात. बायकांबरोबर रताळी काढते. घर भलं आहे, तिला भाकरी देतात, कालवण वाढतात, मजुरीही वेळेवर देतात. फक्त तिला हाक मारतात ती "ए बाई" अशी. ए बाई, पाटी उचल. ए बाई, पाणी आण. मोठी सूनही तसंच, मधलीही तसंच. काढणी संपते, लक्ष्मी निघते. तेव्हा धाकटी सून पाण्याचा तांब्या घेऊन बांधापर्यंत मागं जाते आणि विचारते, मावशी, एवढे दिवस राबलासा, तुमचं नाव काय? लक्ष्मी डोईवरची पाटी खाली ठेवते आणि म्हणते, एवढं इचारलंस गं पोरी, आता मी तुझ्या दारातनं जात न्हाय.

एरवी कहाणीच्या वेळी पेंगणारी माझी सासूसुद्धा तेव्हा जागी होती. सगळ्या गेल्यावर मी विचारलं, ही कुठल्या पोथीतली? मनुबाई खाली बघत म्हणाली, "कुठल्याच न्हाय. माझ्याच डोस्क्यातली हाय. देवी रागावंल का हो आक्का?"

मी म्हटलं, देवी कशाला रागावेल, ती बसून ऐकत होती.

पुढची दोन वर्षं गल्लीत पुस्तिका कुणी उघडलीच नाही. सौम्या तोवर बेळगावात एका टायपिंगच्या दुकानात कामाला लागली होती, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करायची. तिच्या डोक्यात आलं की आईची कहाणी फोनवर भरून घ्यावी. शेजारची पिठाची गिरणी बंद असेल तो दिवस बघितला. मायलेकी वाकळ पांघरून आत बसल्या. परशरामनं दारात बसून खोकला दाबून धरला. कोंबड्याला तेवढं कुणी सांगू शकलं नाही.

शेवटाचा विचार मात्र मनुबाईनं स्वतः केला होता. देवळात रोज अभंग म्हणायचे, शेवटच्या ओळीत संतांचं नाव यायचं, हे तिच्या कानात बसलेलं. मला म्हणाली, आक्का, मी काय संत न्हाय, पन नाव घातलं तर चालंल न्हवं? मी म्हटलं, चालेल की. मग कहाणीच्या शेवटी तिनं म्हटलं, "बेळगुंदीची लेक, कंग्राळीची सून, मनू सांगती, ऐकणारीचं भलं होवो." त्याच्या मागोमाग सौम्याचा आवाज होता. कहाणी आवडली तर या नंबरवर तीस रुपये पाठवा आणि तुमच्या मैत्रिणींनाही घ्यायला सांगा.

गल्लीत पहिल्यांदा हसलेच. पाण्याच्या टाकीपाशी रुक्माबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "देवाची गोष्ट विकाय काढलीस व्हय गं मनू?" मनुबाईनं घागर डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "हारवाली देवाचा हार विकती, नारळवाला नारळ विकतोय. माझं तोंडच तेवढं फुकटचं व्हय?" रुक्माबाईनं दुसऱ्या दिवशी तीस रुपये दिले. रोख, कारण तिला फोनवरून पाठवता येत नव्हते.

त्या मार्गशीर्षात काय झालं ते आठवलं की अजून बरं वाटतं. निपाणीच्या माझ्या बहिणीनं घेतली, तिच्या शेजारणींनी घेतली. संकेश्वरहून कुणीकुणी घेतली. पैसे आले की फोन वाजायचा. फोन परशरामच्या हातात असायचा. तेच त्याचं काम झालं होतं. वाजला की दारातून ओरडायचा, "वाजला गं!" चुलीपाशी मनुबाई हसायची. एकदा मी तिथं बसले असताना लागोपाठ दोनदा वाजला, तर परशराम दुसऱ्यांदा ओरडताना उठायलाच बघत होता. इतक्या वर्षांत मी त्याला असं बघितलं नव्हतं.

मनुबाईनं कारखाना सोडला. हात बरे होऊ लागले. आधी नखांचा काळेपणा गेला, मग तळव्यांची सालटं थांबली. होळीच्या सुमारास ती धावत माझ्याकडं आली, पदराखाली तांदळाची पिशवी. "घेतला आक्का! यंत्रानं अंगठा घेतला!" तिनं मला अंगठा दाखवला. बारीक रेषा उमटल्या होत्या. मी देवापुढची साखर तिच्या हातावर ठेवली.

श्रावणासाठी तिनं सात वारांच्या सात कहाण्या मनात जुळवल्या होत्या. माझ्या ओसरीवर तांदूळ निवडताना त्यातल्या दोन मला सांगितल्या, शुक्रवारची आणि सोमवारची. सोमवारची ऐकून मी रडले होते. बाकीच्या पाच अजून पिकायच्या आहेत म्हणाली. सौम्यानं शुक्रवारची भरून घेतली. पहिल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी फोन काही वेळा वाजला. मग थांबला. परशरामनं फोन हलवून बघितला, रेंज गेली का म्हणून सौम्याला दुकानात विचारून घेतलं.

संध्याकाळी निपाणीहून माझ्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, अगं, तुमच्या मनुबाईची नवी कहाणी छान आहे, सकाळीच आमच्या ग्रुपवर आली. मी विचारलं, शेवटी काय आहे? ती म्हणाली, शेवटी काही नाही, गोष्ट पुरी झाली की संपतेच.

सौम्यानं शोधल्यावर कळलं की मार्गशीर्षातली पहिली कहाणीही तशीच फिरते आहे, कधीपासूनची. ग्रुपाग्रुपांत. कुणी तिच्यावर देवीचं चित्र लावून व्हिडिओ केला होता, मधेमधे साबणाच्या आणि टाइल्सच्या जाहिराती. लाखो लोकांनी ऐकलेला. नाव त्या व्हिडिओ करणाऱ्याचं. सौम्यानं तक्रार केली. आवाज तुमच्या आईचा आहे याचा पुरावा द्या, असं उत्तर आलं. तिनं मूळ भरलेलं पाठवलं. पुष्कळ दिवसांनी तो एक व्हिडिओ निघाला, पण तोवर तसलेच तीन दुसरे आले होते. एका बाईनं फोन करून सौम्याला सुनावलं की सगळीकडं फुकट मिळणारी देवीची कहाणी तुम्ही स्वतःच्या नावावर विकता, देवी बघून घेईल तुम्हाला. सौम्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन हे सांगत होती.

मार्गशीर्षातल्या कहाणीचा शेवट पहिल्यांदा कुणी कापला तेही तिनं शोधून काढलं. ते नाव ऐकून मला धक्का बसला. आमच्या मंडळाच्या सुनंदावहिनी.

सुनंदावहिनी बेळगावात राहतात. इतकी देवाधर्माची बाई मी दुसरी बघितली नाही. दरवर्षी शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला सवाष्णींना फळ, हळदीकुंकू आणि कहाणीची एकेक पुस्तिका द्यायची आपली पद्धत. पाच-सात दिल्या तरी चालतात, पण वहिनी ढिगानं आणून वाटायच्या. मनुबाईची कहाणी पहिल्याच दिवशी पैसे पाठवून घेणाऱ्याही त्याच होत्या.

पुढच्याच श्रावणी शुक्रवारी आम्ही तिघी त्यांच्याकडं गेलो. दार उघडताच पुरणाचा वास आला. वहिनींनी मनुबाईला बघितलं आणि त्यांना खरंच आनंद झाला. आज देवीनंच सवाष्ण पाठवली म्हणून त्यांनी तिला पाटावर बसवलं. सौम्यानं विषय काढल्यावर त्या गोंधळल्या. लपवायला बघितलंच नाही. त्या वर्षी पुस्तिकांऐवजी ही कहाणी वाटावी असं त्यांच्या मनात आलं, एवढी गोड कहाणी जितक्या जणींपर्यंत जाईल तितकं पुण्य.

"फक्त शेवटी ते तीस रुपये आणि नंबर येतो ना," त्या म्हणाल्या, "कहाणी संपली की आपण हात जोडतो बघा मनुबाई, तेव्हा कानावर पैशाचं पडू नये असं वाटलं. म्हणून आशिषकडून तेवढं काढून घेतलं. देवीशपथ, वाईट मनात नव्हतं."

आशिष त्यांचा मुलगा. तो आतल्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभा राहिला होता.

सौम्या म्हणाली, "काकू, त्यात आईचं नाव पण गेलं."

"नाव?" वहिनींनी आशिषकडं बघितलं. "नाव कुठं होतं?"

"पैशाच्या आधीची ओळ होती," आशिष म्हणाला. "मी थोडं मागून कापलं."

आतल्या कुकरची शिट्टी झाली, वहिनी उठल्या नाहीत. मग सौम्यानं अगदी हळू विचारलं, "काकू, त्या पुस्तिका तुम्ही कुठून आणत होता?"

"गणपत गल्लीतून. पूजेच्या दुकानातून."

"पैसे देऊन?"

"मग? दुकानदार फुकट देतोय का एवढ्या..." आणि वहिनी बोलता बोलता थांबल्या. त्यांचा चेहरा मी बघितला. त्या बाईनं उभ्या जन्मात कुणाचं काही घेतलेलं नाही. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "किती होतात सांगा मनुबाई. मी भरते."

मनुबाई इतका वेळ पाटावर गुडघे जवळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "तुमी तीस रुपये दिलासा की वहिनी, पयल्याच दिशी. तुमच्याकडं काय ऱ्हायलं न्हाय." मग म्हणाली, "बाकीच्यांचं तुमी कशाला भरतासा? आन् किती जणी हायत ते तरी कुणाला ठावं?"

वहिनींनी तिला पुरणपोळी वाढली, आग्रह करून तूप घातलं. जेवण झाल्यावर खणनारळानं तिची ओटी भरली, साडी दिली, आणि वाकून नमस्कार केला. वहिनी वयानं मोठ्या, मनुबाई संकोचून मागं सरकली. श्रावणी शुक्रवारी भरलेली ओटी सवाष्णीनं नको म्हणायची नसते. तिनं ती पदरात घेतली.

बसमधून परत येताना सौम्या खिडकीबाहेर बघत होती. मनुबाईच्या मांडीवर नारळ होता आणि दोन्ही हात त्याच्यावर. गाव जवळ आल्यावर ती म्हणाली, "पुरण चांगलं झालतं." सौम्यानं आईकडं बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

वहिनींनी शब्द पाळला. त्याच संध्याकाळी सगळ्या ग्रुपांवर लिहिलं की ही कहाणी कंग्राळीच्या मनुबाईंची आहे, हा त्यांचा नंबर, ज्यांनी ऐकली त्यांनी कृपया तीस रुपये पाठवावेत. माझ्यासमोर तो मजकूर आला. त्याच्याखाली जोडलेले हात आले, एकाखाली एक, बायकांनी भराभर पाठवलेले. खूप सुंदर. देवीची कृपा. शुभ शुक्रवार. परशराम रात्री जेवेपर्यंत फोन घेऊन बसला होता. पैशाचा आवाज वेगळा असतो हे तोवर त्याला कळत होतं.

मी वहिनींना दोष देत नाही. आपण सगळ्याच अशा वाढलो. पोथीच्या शेवटी लिहिलेलं असतं, ही जो वाचील, वाटील, त्याचं कल्याण होईल. पूर्वी वाटायची म्हणजे बसून लिहून काढायची, किंवा विकत आणायची. कुणाचे तरी हात दुखायचे, कुणाच्या तरी पदरात चार पैसे पडायचे. आता बोट लावलं की वाटून होतं, आणि वाटण्याचं पुण्य तेवढंच राहिलं असं आपण धरून चाललो. जिनं सांगितली तिच्या पदरात काय पडलं, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. हार आणताना हारवालीला आपण विचारतो, कितीला गं?

गेल्या वर्षी दिवाळीआधी मनुबाई परत कारखान्यात गेली. कुणाला सांगितलं नाही. सकाळी खराट्याचा आवाज रोजच्यापेक्षा लवकर आला तेव्हा मला कळलं. मार्गशीर्षात मी नेहमीसारखं आमंत्रण द्यायला गेले. संध्याकाळी ये, कहाणी सांगायला. ती हाताला खोबरेल चोळत होती. म्हणाली, "फोनवर हाय की आक्का. लावा आन् ऐका." रागानं नाही म्हणाली. सांगून बघितलं, पण आता तोंडातून येत नाही, म्हणाली. कहाणी सुरू केली की पुढं ती फोनमधली बाई बोलायला लागते असं वाटतं.

मी सोमवारच्या कहाणीचं विचारलं, आणि त्या पिकायच्या राहिलेल्या पाचांचं. ती म्हणाली, "त्या आता न्हाईत." मला सोमवारची नीट आठवत नाही. तेव्हा तांदूळ निवडत होते, पुन्हा ऐकायला मिळेलच असं वाटलं होतं.

त्याच मार्गशीर्षात कारखान्यात एक गोष्ट घडली. ती मनुबाईनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितली, तीही दुसरंच काही बोलता बोलता. गुरुवार होता. बायका बी फोडत बसल्या होत्या. प्रियदर्शनी म्हणून एक नवी पोरगी आली होती, हसरी. तिनं फोन टोपलीत ठेवून कहाणी लावली. सगळ्या ऐकत होत्या, हात चालू. कानडी बोलणाऱ्या दोघी होत्या, त्यांनाही शेजारची समजावून सांगत होती. लक्ष्मीनं पाटी खाली ठेवली तिथं सगळ्यांनी हातातलं काम सोडून काळे हात जोडले. मनुबाईनंही जोडले. प्रियदर्शनी म्हणाली, "किती ग्वाड सांगतीया बाई. कोन असंल गं?"

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"काय न्हाय."

अगं, सांगायचं नाहीस? मीच ती म्हणून?

मनुबाई माझ्याकडं बघून हसली. "सांगून काय करू आक्का? त्या समद्या माझ्याकडं बघत बसल्या असत्या. वजनावर पैसे हायत. त्येंचं बी काम ऱ्हायलं असतं आन् माझं बी."

सौम्या आता पुण्याला नोकरी करते, पैसे पाठवते. कारखाना सोड म्हणून दर आठवड्याला सांगते. मनुबाई म्हणते, पोरीच्या लग्नाचं मी तिच्याच पैशातनं करू काय? परशराम दारात असतो. फोन त्याच्या खिशातच असतो, पण तो आता आवाज बंद करून ठेवतो.

इथवर लिहून मी मघाशी फोन घेतला. मला मराठीत टाइप करायला वेळ लागतो. ग्रुपवर लिहिलं, ही कहाणी अज्ञात नाही, कंग्राळीच्या मनुबाईची आहे, तिचं नाव शेवटी होतं, ते कापलेलं आहे. तिचा नंबर लिहिला. सुनंदावहिनींनी लगेच खाली लिहिलं, होय, हे खरं आहे, आणि चूक माझ्या घरून झाली आहे. त्याखाली जोडलेले हात येऊ लागले. मग कुणीतरी उद्याच्या गुरुवारच्या शुभेच्छा पाठवल्या, देवीचं चित्र, भोवती फिरणारे दिवे. आमच्या ओळी वर सरकत गेल्या.

कलशावरचा कोळ वाळून गेला होता. पुन्हा ओला करून उरलेला भाग घासला. हळदकुंकवाची बोटं उद्या ओढीन.

बाहेरून मनुबाईची हाक आली. आज तिनं कामावरून सुट्टी घेतली आहे, रेशन आलंय म्हणून. मशीन पुन्हा तिचा अंगठा घेत नाही. परशरामचा लावावा तर त्याला तिथवर नेता येत नाही. मग फोनवर आकडा येतो, तो दुकानदाराला वाचून दाखवला की तांदूळ मिळतात, आणि तिला तो बारीक आकडा दिसत नाही. फोनचा नंबर तोच आहे, कहाणीच्या शेवटी होता तो.

मी चष्मा घेतला, पिशवी घेतली. मनुबाईबरोबर रेशनच्या दुकानात जायचं आहे.